मराठा लाइट इन्फंट्री आणि दरवर्षीचा तो फॉरवर्ड

4 फेब्रुवारी आली की मोबाइलवर तोच मेसेज फिरायला लागतो. भारतीय सैन्यातली मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट म्हणजे महाराजांचीच फौज, तिथून थेट आजपर्यंत चालत आलेली. 'लाइट' का, तर गनिमी कावा. वाचायला झकास आहे, पण खरं नाही.

रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण, 'जंगी पलटण', 1768 मध्ये उभी केली ईस्ट इंडिया कंपनीने. कशासाठी? मुंबई बेट आणि तिथल्या वखारी राखायला. तेव्हा पुण्यात पेशवाई जोरात होती, म्हणजे कंपनीला धाक होता तो मराठ्यांचाच. पुढे अकरा वर्षांत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या मुंबईकर फौजेला गुडघ्यावर आणलं. कोणत्या बाजूला कोण होतं हे एकदा नीट आठवून बघा.

आणि 'लाइट इन्फंट्री' ही पदवी 1841 ची. आजच्या बलुचिस्तानात काहानच्या गढीत पाचवी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री महिनोन्महिने वेढ्यात अडकून लढली, त्याची ती बक्षिसी. तीच आजची दुसरी मराठा, 'काळी पाचवी'. बिल्ल्यावरचं बिगुलही त्या पदवीबरोबरच आलेलं.

हे लिहिलं की कमेंटमध्ये मला देशद्रोही ठरवणारे दोघंतिघं येतातच. या, चहा घ्या. पण माझं म्हणणं उलट आहे. पलटण कंपनीची होती, पगार कंपनीचा होता, तरी त्या पोरांनी तिला आपलं करून घेतलं. रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरमध्ये 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' घुमतं ते कुठल्या गोऱ्या साहेबाच्या हुकमाने नव्हे. 4 फेब्रुवारीला मराठा दिन पाळतात तो कंपनीच्या स्थापनेचा नाही, 1670 च्या कोंढाण्याचा.

9 एप्रिल 1945, इटली, सेनियो नदी. पहिल्या बटालियनचा, म्हणजे जंगी पलटणीचा, शिपाई नामदेव जाधव, तुकडीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा. पाणी ओलांडताना मशीनगन सुरू झाल्या, सोबतचे दोघे जखमी झाले. नदीचं पाणी, चढाचा बांध, वर सुरुंग पेरलेले. एकेकाला उचलून त्याने दोघांनाही सुरक्षित जागी नेलं. मग एकटाच उलटा फिरला. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना, ती टाकून हातबॉम्ब घेतले. तीन मशीनगन ठाणी गप्प केली आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना हाताने 'या, या' म्हणून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी मानपत्रातही त्या घोषणेचा उल्लेख आहे. साहेबाच्या युद्धात, साहेबाच्या वर्दीत, आणि तोंडात स्वतःची घोषणा! मला वाटतं, परंपरा म्हणतात ती ही. वारशाने आयती मिळालेली नाही, त्यांनी स्वतः घडवलेली.

त्याच इटलीत आदल्या वर्षी 10 जुलैला नायक यशवंत घाडगे गेले. तिसरी बटालियन. सेक्शनमधले सगळे पडले तरी एकटे धावत मशीनगनवर गेले. टॉमीगनची मॅगझिन संपली, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय पुरतं 23 पण नाही. माणगावला सरकारी कचेऱ्यांजवळ त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना आपण शंभर वेळा तिथून गेलेलो असतो, किती जण थांबलो? (मीही परवा पहिल्यांदाच.)

या दोन पलटणींचं पुढे काय झालं तेही त्या फॉरवर्डमध्ये नसतं. जाधवांची जंगी पलटण डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या जमालपूरला होती. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने उत्तर धाडलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली! एक-दोन दिवसांत जमालपूर पडलं. घाडग्यांची तिसरी बटालियन 1952 मध्येच पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली होती. 11 डिसेंबरला टांगाइलला विमानातून उतरलेली आणि 16 तारखेला ढाक्यात पहिली शिरलेली पलटण तीच, 2 पॅरा. टोपीचा रंग बदलला, पण नावापुढे कंसात त्यांनी 'मराठा' ठेवलंच.