मुळशीच्या घराच्या गळतीबद्दल: उतार न विचारता कौलं दिली, चूक आमची

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की मुळशीजवळच्या नव्या घरासाठी आमच्याकडून मंगलोरी कौलं घेतली, पहिल्याच पावसात पश्चिमेची खोली गळली, नंतर मागवलेली कौलं वेगळ्याच रंगाची निघाली, आणि दुकानात फोन केला तर ‘मिस्त्रीला विचारा’ म्हणून वाटेला लावलं. यातलं फोनचं आधी बोलतो. तसं उत्तर द्यायलाच नको होतं. गिऱ्हाइकाचं घर गळत असताना आमच्या माणसानं आधी जागेवर यायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

गेल्या रविवारी मी स्वतः तुमच्या घरी येऊन गेलो. तुम्ही पुण्यात होतात, घरी काका होते. आतल्या बाजूनं चार कौलं काढून पाहिली. एकालाही तडा नव्हता. पण प्रत्येकाच्या पाठीवर, वरच्या कौलाखाली जो भाग झाकला जातो तिथं, ओलीची काळी रेघ दोन बोटं वर चढलेली होती. म्हणजे पाणी कौलातून झिरपलेलं नाही, जोडातून उलटं वर सरकून आत आलंय. मग पाण्याची नळी लावून उतार मोजला. 12 फुटांना 3 फूट चढ भरला, म्हणजे जेमतेम 14 अंश. मंगलोरी कौलाला 12 फुटांना 6 फूट तरी लागतो, साधारण 26 अंश. मुळशीच्या पावसात मी त्याहूनही थोडा जास्तच सांगेन. पुणे शहरात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस, आणि तुमच्याकडे घाटाच्या तोंडावर त्याच्या कितीतरी पट, तोही वाऱ्याबरोबर आडवा. सपाट छपरावर पाणी रेंगाळतं आणि वारा त्याला जोडात ढकलतो.

एक कौल मी बरोबर आणलं होतं. उन्हात वाळवून वजन केलं, 2 किलो 600 ग्रॅम. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर 2 किलो 990 भरलं, म्हणजे 15 टक्के पाणी प्यायलं. आयएस 654, म्हणजे मंगलोरी कौलांचं भारतीय मानक, त्यात वरच्या वर्गाच्या कौलाला 18 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. बोटानं वाजवलं तर खणखणीत वाजतं, भाजणी नीट आहे. त्यामुळे माल कच्चा होता, हे म्हणणं मला मान्य करता येत नाही. ‘सिमेंटची घेतली असती तर बरं झालं असतं’ असं तुम्ही लिहिलंय. या उतारावर नुसती टाकली असती तर तीही गळली असती.

पण म्हणून दोष मिस्त्रीच्या माथी मारणार नाही. तुम्ही दुकानात आलात तेव्हा आम्ही छपराचं क्षेत्रफळ विचारलं, 120 चौरस मीटर, आणि मीटरला 15 धरून 1,800 कौलं लिहून घेतली. रंगावर अर्धा तास बोललो. उतार किती, घर कुठल्या तोंडाला, हे एकदाही विचारलं नाही. मंगळूरला 1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेनं या कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल उभ्या उताराच्या छपरावरच शोभतं. तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसानं पहिला प्रश्न उताराचाच विचारायचा. तो आमच्याकडून राहिला, आणि ही गळती त्यातून झाली.

रंगाचं असं आहे की वाहतुकीत आणि चढवताना फुटली म्हणून तुम्ही नंतर 240 कौलं मागवलीत, ती दुसऱ्या भट्टीची होती. माती आणि आच बदलली की लाल रंग थोडा इकडेतिकडे होतोच. ते आम्ही आधी सांगायला हवं होतं आणि दोन्ही लॉट मिसळून लावायला सुचवायला हवं होतं. आता ती सगळी दर्शनी बाजूला एकत्र बसलीत, म्हणून ठिगळासारखी दिसतात.

उपाय एकच सुचतोय. छपराच्या पश्चिमेच्या आणि दर्शनी अशा दोन्ही बाजूंची कौलं उतरवू. वाशांवर अंडरलेचा, म्हणजे कौलांखाली अंथरायचा पाणी अडवणारा पडदा अंथरू, त्यावर उभ्या पट्ट्या मारू, त्यावर पुन्हा रीपा. जोडातून आत आलेलं पाणी पडद्यावरून घसरून पन्हळीत जाईल. कौलं परत चढवताना दोन्ही रंगांची मिसळून लावू. अंडरले, पट्ट्या आणि सुताराची मजुरी आमची. फुटतील तेवढी कौलंही आमच्याकडून. तुमचा मिस्त्री हजर असला तर बरं, त्याच्याशी माझं बोलणं झालंय, तो तयार आहे.

काम कोरड्यात व्हायला हवं, म्हणून दिवाळीनंतरचा पहिला आठवडा धरलाय. चार दिवस लागतील. तोवर पश्चिमेच्या खोलीवर ताडपत्री टाकून देतो, आमची माणसं बुधवारी सकाळी येतील. कौलं उतरवून ठेवायला अंगणातली विहिरीकडची बाजू मोकळी ठेवाल का, एवढं काकांना सांगा.