टेप लावण्याआधी खोकं हलवून पाहा

मे महिना लागला की पुण्यात सोसायट्यांच्या दारात टेम्पो उभे दिसायला लागतात. शाळा सुरू व्हायच्या आत नव्या घरी जायचं असतं. नेमका तेव्हाच तो मेसेज फिरतो: 'पॅकिंगवर पैसे उधळू नका. रद्दी आणि चादरी पुरतात. खोकी मोठी घ्या म्हणजे कमी लागतात. ताटं एकावर एक रचा. फ्रिज आडवा टाका, जागा वाचते. शेगडी-सिलिंडरसकट सगळं एकाच फेरीत न्या. फुटलंच काही तर विमा आहे.' गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग. मी चार घरं बदलली आहेत, शिवाय आईचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड धायरीला नेलं. पॅकिंग घरी करायला माझी काहीच हरकत नाही. पण या मेसेजप्रमाणे केलंत तर नुकसान होईल, म्हणून हे लिहिते आहे.

रद्दीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कागद चुरगळून गोळे केले तर त्यात हवा राहते आणि धक्का जिरतो. सपाट कागदाचा एक वेढा काहीच करत नाही. शिवाय छपाईची शाई सुटते. पांढऱ्या कपांना आणि देवाच्या संगमरवरी मूर्तीला आधी कोरा कागद लावा, रद्दी त्यावर. चादर दाबली गेली की तिची जाडी उरत नाही. कपाटाच्या आरशाला मात्र गोधडीसारखं दुसरं काही नाही. बबलचा रोल आणि रुंद ब्राऊन टेप बोहरी आळीत मिळतात, काचसामानापुरता तेवढा खर्च कराच.

आईच्या लोणच्याच्या बरणीचं सांगते. चिनी मातीची, खांद्यावर तपकिरी. मी ती अर्धी भरलेलीच घेतली. दादरा घट्ट बांधला, वरून चादर गुंडाळली, खोक्यात उभी केली. धायरीला खोकं उचलायला गेले तर आई म्हणाली, "थांब गं, तेल उतरलंय खाली." पुठ्ठ्याचा तळ भिजून लोंबत होता. ओला पुठ्ठा वजन पेलत नाही. झाकण बरणीवरच राहू दिलं होतं, त्याची वरची मूठ उडाली होती. लोणचं आधी स्टीलच्या डब्यात काढायला हवं होतं. रिकाम्या बरणीत कागदाचे गोळे भरायचे, झाकण वेगळं गुंडाळायचं आणि बरणीच्या चारही बाजूंना निदान दोन बोटं जाडीचा कागद ठासायचा. मग खोकं हलवून कान द्यायचा. आत काही वाजलं तर अजून कागद घालायचा. टेप त्यानंतर.

ताटं एकावर एक रचायची तर फक्त स्टीलची. काचेची किंवा चिनी मातीची प्लेट आडवी ठेवली की वरच्या सगळ्यांचं वजन तिच्या मध्यावर येतं, आणि टेम्पो खड्ड्यात आदळला की तो भार क्षणात कितीतरी वाढतो. उभी ठेवली की भार कडेवर येतो, कड तो सोसते. मांडणीत लावतो तशीच उभी लावा, मधे कागद घालून.

मोठी खोकी उश्या, गाद्यांची कव्हरं, प्लास्टिकचे डबे यांच्यासाठी. पुस्तकांसाठी कधीच नाही. लांबी-रुंदी-उंची दीड-दीड फूट असलेलं खोकं पुस्तकांनी भरलं तर 50 किलोंच्या वर जातं. ते वाड्याच्या लाकडी जिन्यावरून उतरवणाऱ्या हमालाच्या पाठीचा विचार करा. फूटभराचं खोकं 15 ते 20 किलोंचं होतं, एका माणसाला नीट उचलता येतं.

फ्रिज उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं आणि लगेच सुरू केला तर कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. नाइलाजाने आडवा झालाच तर एक दिवस उभा ठेवून मगच चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर ते बसवताना मेकॅनिकने मागून काढून दिलेले लांब बोल्ट शोधा आणि ड्रम जखडायला परत लावा. ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो, वाटेत तोच हिंदकळून सगळं खिळखिळं करतो. इन्व्हर्टरची बॅटरी तिरकीही करू नका, आत आम्ल असतं.

सिलिंडर बंद टेम्पोत गाद्यांमध्ये कोंबणं सरळ धोकादायक आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून राहतो. आधी एजन्सीला फोन करा, पत्ता बदलायचाच असतो.

आणि विमा. तो आपोआप मिळत नाही. हप्ता वेगळा भरावा लागतो, वस्तूंची यादी किमतीसकट द्यावी लागते, आणि आपण स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर भरपाई बहुतेकदा नाकारली जाते. म्हणजे 'पॅकिंगवर पैसे उधळू नका' आणि 'विमा आहे' हे एकाच मेसेजमधले दोन सल्ले एकमेकांना खोडतात. सही करण्याआधी सामान नेणाऱ्यांच्या पावतीवरचा बारीक मजकूर वाचा. रोकड, दागिने, कागदपत्रं सहसा विम्यात धरतच नाहीत. आईचं खरेदीखत, तिच्या पाटल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही एका कापडी पिशवीत घातल्या होत्या. ती पिशवी धायरीपर्यंत रिक्षात आईच्या मांडीवर होती.