कॅमेरा खाली ठेव रे बाबा!

फाउंड फुटेज प्रकारातला भयपट घरी बघायचा तर आधी थोडी तयारी लागते. पोट हलकं हवं, दिवा चालू हवा, रिमोट उजव्या हातात हवा आणि बिल्डिंगमधल्या लोकांशी संबंध बरे हवेत. यातली एक जरी गोष्ट कमी पडली तरी भुताच्या आधी आपलाच निकाल लागतो.

हा प्रकार ज्यांच्या वाट्याला अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही तरुण मुलं कॅमेरा घेऊन नको तिथे जातात. मुलं परत येत नाहीत, कॅमेरा येतो. त्यात जे काही टिपलं गेलंय ते आपण दीड तास बघायचं. मुलं मेली तर हे सगळं जोडलं कुणी, नको ते कापलं कुणी आणि शेवटच्या दृश्याखाली ती घुमणारी धून कुठून आली, असं विचारायचं नसतं. विचारलंच तर घरातलं तरुण रक्त ‘श्श्!’ म्हणतं.

त्यात ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी अक्षरं सुरुवातीला आली की मी सावरून बसतो. कारण मग दोन ताप होतात. एक पडद्यावरचा. दुसरा म्हणजे सिनेमा संपल्यावर खरं काय घडलं होतं हे घरच्यांना समजावून सांगण्याचा. रेनी हार्लिन या दिग्दर्शकाचा २०१३ सालचा ‘द द्यात्लोव्ह पास इन्सिडेंट’ हे या दुहेरी तापाचं उत्तम उदाहरण. काही ठिकाणी तो ‘डेव्हिल्स पास’ या नावानंही लागला. पाच अमेरिकन विद्यार्थी उरल पर्वतात जातात. १९५९ साली तिथे नऊ रशियन गिर्यारोहक मरण पावले होते, त्यांच्या वाटेनं जाऊन माहितीपट करायचा हा त्यांचा बेत. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

आधी पडद्यावरच्या तापाकडे वळू.

पहिला मुक्काम मळमळ. कॅमेरा हातात धरून पळणाऱ्या माणसाचं चित्र बघताना डोळे मेंदूला कळवतात की आपण धावतोय. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय कळवतं की आपण सोफ्यावर तक्क्याला टेकून आहोत. या दोन विसंगत बातम्यांचा जाब शेवटी पोटाला द्यावा लागतो. २००८ साली ‘क्लोव्हरफील्ड’ लागला तेव्हा अमेरिकेतल्या काही थिएटरांनी प्रेक्षकांसाठी तशी सूचनाच लावली होती. घरी सूचना लावायला कुणी नसतं, म्हणून उपाय सांगतो. खोलीतला दिवा चालू ठेवा. टीव्हीची चौकट आणि मागची भिंत सतत नजरेत राहील इतकं मागे बसा, म्हणजे डोळ्यांना काहीतरी स्थिर मिळतं. आडवं पडून बघू नका. तळलेलं आधी खाऊ नका, आल्याचा तुकडा जवळ असू द्या. पळापळ सुरू झाली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. पळापळीत तसंही काही दिसत नाही, पायांचा आवाज आणि ‘ओ माय गॉड’ एवढंच असतं, आणि ते घड्याळाकडे बघूनही नीट ऐकू येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग चालू असेल तर तेही बंद करा. नाहीतर उरलच्या बर्फातलं मरण दुपारच्या मालिकेसारखं चकचकीत दिसतं आणि आता सासू कुठून येणार याचीच वाट बघितली जाते.

दुसरा मुक्काम आवाज. या सिनेमांत माणसं दोनच प्रकारे बोलतात: कुजबुजून किंवा किंचाळून. शिवाय माइकवर वारा. कुजबुज कळावी म्हणून आपण आवाज बारावरून अठ्ठावीसवर नेतो, आणि बरोबर त्याच क्षणी तंबूवर काहीतरी आदळतं. खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ‘काल सगळं ठीक होतं ना?’ असं विचारतात ते उगीच नाही. बहुतेक टीव्हींत ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ असं काहीतरी असतं. ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज उचलतं. हे एक बटण या प्रकारासाठीच जन्माला आलंय. सबटायटल हा दुसरा मार्ग, पण त्यात धोका आहे. गुरगुर ऐकू येण्याआधी कंसात ‘गुरगुरण्याचा आवाज’ वाचायला मिळतो आणि घाबरायचं राहून जातं.

तिसरा मुक्काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: हा पोरगा कॅमेरा खाली का ठेवत नाही? हा प्रश्न प्रत्येक घरात एक ज्येष्ठ बाई विचारतेच. ‘अरे, मैत्रिणीला हात दे की मेल्या, शूटिंग कसलं करतोस!’ याला उत्तर नाही. ठेवला तर सिनेमा संपेल, एवढंच. म्हणून पात्रांच्या तोंडी मधूनमधून ‘लोकांना हे कळलं पाहिजे’ असं वाक्य घालतात. आणि समजा कॅमेरा हातातून पडलाच, तर तो नेहमी चेहरा किंवा पाय नेमका चौकटीत येईल असाच पडतो. झाकणावर कधी पडत नाही.

बॅटरीचं तर बोलूच नका. साध्या लिथियम-आयन बॅटरीची ताकद उणे वीस अंशांच्या आसपास निम्म्यापर्यंत उतरते. थंडीत शूटिंग करणारे लोक सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात आणि दर थोड्या वेळानं अदलाबदल करतात. बाहेरून तंबूत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करतात आणि तो हळूहळू कोमट होऊ देतात, नाहीतर आतल्या दमट हवेनं भिंगावर दव धरतं आणि पुढचा अर्धा तास धुकंच दिसतं. जाड हातमोजे घालून टचस्क्रीन चालत नाही, आणि मोजा काढला तर बोटं चालत नाहीत. सिनेमातला कॅमेरा मात्र बर्फात, बोगद्यात, हाणामारीत चालूच. वर नाइट व्हिजन. हँडीकॅमच्या त्या हिरव्या चित्रामागचा इन्फ्रारेड उजेड प्रत्यक्षात काही मीटरांवर विरतो. पडद्यावर तो अख्खा बोगदा उजळतो, आणि बोगद्याच्या पार टोकाला कोण उभं आहे तेही दाखवतो.

गंमत अशी की त्या नऊ जणांकडे होते तसले कॅमेरे हा सगळा जाच सोसणारे होते. रशियन बनावटीचे, बॅटरी नावाची भानगडच नसलेले, चावी फिरवून चालणारे कॅमेरे. थंडीनं आतलं तेल घट्ट व्हायचं आणि रोल ठिसूळ व्हायचा, हे खरं. पण एका रोलमध्ये छत्तीस छायाचित्रं, त्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी विचार करायचा. म्हणजे खरं ‘फाउंड फुटेज’ अस्तित्वात आहे. तंबूत कॅमेरे सापडले, रोल धुतले गेले आणि आज कुणालाही ती छायाचित्रं बघता येतात. दीड तास लागत नाही, आणि मळमळतही नाही.

घडलं होतं असं. स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजचं येकातेरिनबुर्ग, इथल्या उरल पॉलिटेक्निक संस्थेशी संबंधित दहा जण जानेवारी १९५९ च्या अखेरीस ओतोर्तेन डोंगराकडे स्कीवरून निघाले. म्होरक्या इगोर द्यात्लोव्ह, वय २३. युरी युदिन नावाचा एक जण दुखणं बळावल्यामुळे २८ जानेवारीला मागे फिरला आणि वाचला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीच्या संध्याकाळी खोलात स्याख्ल या डोंगराच्या उघड्या उतारावर तंबू ठोकला. २६ फेब्रुवारीला शोधपथकाला तो सापडला तेव्हा त्याचं कापड आतून फाडलेलं होतं. पावलं उताराखाली जंगलाकडे गेलेली, काही पायांत नुसते मोजे. दीडेक किलोमीटरवर एका मोठ्या देवदाराखाली दोघे सापडले, अंगावर जेमतेम कपडे, जवळ विझलेली शेकोटी. तिघे तिथून तंबूकडे परतण्याच्या वाटेवर. शेवटचे चौघे मे महिन्यात बर्फ वितळायला लागल्यावर एका घळीत मिळाले, आणि त्यांच्यातल्या काहींच्या बरगड्या आणि एकाची कवटी मोडलेली होती. त्यांच्यातल्याच एकीची जीभ आणि डोळे नव्हते. काही कपड्यांवर किरणोत्सर्ग आढळला. तपास बंद करताना लिहिलं गेलं की माणसांना न पेलणाऱ्या नैसर्गिक शक्तीमुळे मृत्यू झाला. इतकं मोघम वाक्य सरकारी कागदावर आलं की पुढची साठ वर्षं काय होणार हे कुणालाही सांगता येईल. क्षेपणास्त्र झालं, केजीबी झाली, हिममानव झाला, उडत्या तबकड्या झाल्या.

हिममानवावरून एक आठवलं. त्या मुलांनी १ फेब्रुवारीला ‘संध्या ओतोर्तेन’ अशा अर्थाचं हस्तलिखित वार्तापत्र थट्टेनं काढलं होतं आणि त्यात याच भागात हिममानव राहतात अशी कोपरखळी मारली होती. नंतरच्या काही महाभागांनी तीही पुराव्यात धरली. विनोद करताना माणसानं किती जपावं!

आता छायाचित्रं. रहस्यप्रेमी मंडळींचं लाडकं छायाचित्र म्हणजे एका रोलमधलं शेवटचं: काळोख आणि त्यात उजेडाचे धूसर डाग. त्यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. रोल काढताना अपघातानं उडालेली ती चौकट असावी असाही एक अर्थ लावला जातो, पण तो कुणाला आवडत नाही. माझ्या मते बघायचं ते दुसरंच. संध्याकाळच्या वाऱ्यात मुलं स्कीनं आणि हातानं बर्फ उकरून तंबूसाठी सपाट जागा करतायत. पाठमोरी, वाकलेली, उडत्या बर्फात अस्पष्ट. कुणी किंचाळत नाही, मागे कुणी उभं नाही. सिनेमाच्या संकलकानं ही चौकट पहिल्या झटक्यात कापली असती.

आणि सगळा उलगडा बहुधा त्यातच आहे. २०२१ च्या जानेवारीत योहान गोम आणि अलेक्झांडर पुझरिन या स्वित्झर्लंडमधल्या दोन संशोधकांनी गणित मांडलं. वरून तो उतार जेमतेम २३ अंशांचा दिसतो आणि एवढ्याशा उतारावर हिमस्खलन होत नाही, हाच त्या शक्यतेवरचा मोठा आक्षेप होता. पण बर्फाखालची जमीन तंबूपाशी २८ अंशांच्या आसपास होती. मुलांनी उकरलं तेव्हा बर्फाच्या घट्ट थराचा खालचा आधार गेला. रात्रभर डोंगरावरून खाली वाहणाऱ्या वाऱ्यानं वर आणखी बर्फ आणून टाकला. उकरल्यापासून साधारण साडेसात ते साडेतेरा तासांनी लादी सुटू शकते, असं गणितात आलं. लादी फार मोठी लागत नाही, पाचेक मीटरची पुरते. खाली स्की अंथरून झोपलेल्या माणसाला ती वरून आणि स्की खालून दाबतात, म्हणून बरगड्या. एवढीशी लादी साडेतीन आठवड्यांच्या वाऱ्यानंतर शोधपथकाला दिसणार तरी कशी?

या गणितासाठी बर्फ कसा वागतो याचा संगणकीय नमुना कुठून घेतला, तर ‘फ्रोझन’ या डिस्नेच्या बालपटातल्या बर्फामागच्या तंत्रावरून! आणि बरगड्या किती दाबाला मोडतात याचे आकडे एका मोटार कंपनीच्या १९७० च्या दशकातल्या धडक-चाचण्यांमधून. भयपटानं सत्तर मिनिटं धावून जे सापडवलं नाही ते राजकन्येच्या सिनेमातल्या बर्फानं जुळवून दिलं. रशियाच्या सरकारी वकिलांनीही फेरतपास करून २०२० साली हिमस्खलनाकडेच बोट दाखवलं होतं. बाकीचे मुद्दे त्यामानानं किरकोळ. जीभ-डोळ्यांचं काम वाहतं पाणी आणि जनावरं करतात. किरणोत्सर्गाचं म्हणाल तर एक जण मायाक अणुकेंद्रात काम केलेला होता. गारठून मरणारा माणूस शेवटी उकडल्यासारखं वाटून कपडे काढतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. जंगलात गेल्यावर मुलांनी नेमकं काय केलं, कोण कुणासाठी मागे फिरलं, हे गणितात येत नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही.

सिनेमाचं म्हणाल तर त्यातही हिमस्खलन आहे. फक्त ते स्फोट करून घडवलेलं आहे, सत्य दडपण्यासाठी. म्हणजे बरोबर उत्तर समोरून घरंगळत आलं आणि यांनी ते कटात ढकललं! पुढे (ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी चार ओळी सोडाव्यात) गुप्त बंकर, अदृश्य वाट, युद्धकाळातल्या जहाजाची दंतकथा, आणि त्या विद्यार्थ्यांपैकी दोघे थेट १९५९ मध्ये जाऊन पडतात. तिथे नऊ नव्हे, अकरा प्रेतं होती असं एक म्हातारी मधेच सांगते, त्याचा हिशेब असा शेवटी लागतो. डोकं मात्र चांगलं लढवलंय, हे कबूल करायला हवं.

खरा ताप त्यानंतर, रात्री पाऊण वाजता. दिवे लागतात, कुणीतरी पाणी आणतं आणि ‘मग खरं काय झालं होतं?’ असं विचारतं. मी उताराचा कोन सांगतो. वाऱ्यानं साठलेला बर्फ सांगतो, तो कुठे उकरला होता ते उशी तिरकी धरून दाखवतो. सगळे शांतपणे ऐकून घेतात.

‘बरं, पण मग ते अकरा जण...’

‘नऊ.’

‘अहो, त्या आजीबाईंनी अकरा मोजले होते. ती तिथे होती, तुम्ही होता का?’