तुकारामाचा बाप सुकदेव, सुकदेवाचा बाप तुकाराम

कुळाची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायचं खूळ आमच्या आप्पांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे, पण राबायला मी. मे महिना, धुळ्याचं ऊन, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जी फिरायला लागली ती थांबायचं नावच घेईना.

टेबल तसं साधं. नंबर, नाव, बापाचा नंबर. रिकर्सिव्ह क्वेरी काय करते, तर माणूस घेते, त्याचा बाप शोधते, मग त्या बापाचा बाप, आणि बाप सापडला नाही की थांबते, एवढीच तिला अक्कल. आमच्याकडे बाप दरवेळी सापडतच होता. लॅपटॉपचा पंखा कोकलतोय, टेंपररी फाइल फुगून डिस्क खातेय, आणि खाटेवरनं आप्पा, "काय व्हयनं रे भो?"

"शोधतंय आप्पा, लांब गेलंय."

पुण्यातला एक मित्र फोनवर म्हणे क्वेरीतलं युनियन ऑल, म्हणजे ओळी जशाच्या तशा जोडत जाणारं, काढ, नुसतं युनियन ठेव, रिपीट ओळी आपोआप गळतात. गळतात ना, पण मी सोबत पिढीचा आकडापण काढत होतो, त्यामुळे पाचव्या पिढीतला तुकाराम वेगळा आणि सातव्या पिढीतला तुकाराम वेगळा, डेटाबेसला त्यात रिपीट काहीच दिसेना. बाकीच्या डेटाबेसांत मायएसक्यूएल बिचारं डिफॉल्टने १००० फेऱ्यांवर हात टेकतं, एसक्यूएल सर्व्हर तर १०० वरच. माझ्या लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसला असला लगामच नाही, जा म्हटलं की चालला.

शेवटी पिढी २०० च्या पुढे जाऊ नको अशी अट घातली तेव्हा कुठे काहीतरी स्क्रीनवर आलं. तुकाराम, सुकदेव, तुकाराम, सुकदेव, खालपर्यंत तेच. मग पेटली ट्यूब. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, आणि जुन्या वहीवरनं एंट्री मारणाऱ्या चुलतभावाने ड्रॉपडाऊनमध्ये तुकाराम आधीच दिसतोय म्हटल्यावर नातू नव्याने टाकायचे कष्ट कशाला घ्यायचे म्हणून त्यालाच सुकदेवाचा पोरगा करून टाकलं. म्हणजे आमचा खापरपणजोबा स्वतःचाच नातू! दत्तकाच्या भानगडीत पण एवढा गुंता होत नाही.

नातवाला वेगळा नंबर दिला. शिवाय पोस्टग्रेस १४ मध्ये, म्हणजे २०२१ पासून, सायकल नावाची सोय आहे, आलेला माणूस परत आला की ती त्या ओळीवर खूण करते आणि तिथनं पुढे जात नाही, तीपण लावून ठेवली, कारण वहीत अजून तीन नामदेव आहेत आणि चुलतभाऊ तोच आहे.

क्वेरी चुटकीसरशी संपली. आप्पा चष्मा लावून आले, यादी वाचली, परत वाचली.

"नऊच? मघाशी तर २०० दिसत होत्या."

"आप्पा, त्या चुकीच्या होत्या."

"धाकल्या पातीवाले अकरा सांगतात," आप्पा म्हणाले. "मघाचीच प्रिंट काढ."