कायद्यात ‘तो’ लिहिलंय म्हणून लेकीचा वाटा जात नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. वर तराजूचं चित्र आणि ‘वकिलांच्या अभ्यासातून’ अशी ओळ. वकिलाचं नाव कुठेच नाही. त्यात म्हटलंय की देशाचे कायदे ‘तो’, ‘त्याचा’, ‘त्याला’ अशा शब्दांत लिहिले आहेत, ‘ती’ कुठेच नाही. म्हणून वडिलोपार्जित शेतीत लेकीला वाटा नाही, तिने आपणहून हक्कसोडपत्र करून द्यावं. बाई सरपंच झाली तरी तिची सही चालत नाही. बचत गटाच्या पैशात बाईने अफरातफर केली तर तिच्यावर गुन्हा लागत नाही. आणि नव्या फौजदारी कायद्यात तृतीयपंथी घातले, बायांना मात्र वगळलं.

असले मजकूर रोज येतात, मी वाचतही नाही. पण हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. आजोबा वारले, कोरडवाहू जमिनीचा फेरफार व्हायचा आहे, आणि मामांनी तिच्यापुढे कागद ठेवलाय. फोनवर ती म्हणाली, “कायद्यातच लेकीचं नाव नाही म्हनतात, मंग मी कायले भांडू?” एका खोट्या मजकुराने बाईचा हक्क सहीविनाच अर्धा काढून घेतला होता. म्हणून हे लिहितोय.

सगळा डोलारा ज्या ‘तो’वर उभा केलाय त्याचं उत्तर १८९७ सालीच लिहून ठेवलंय. जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणजे कायदे कसे वाचायचे हे सांगणारा कायदा. त्याचं कलम १३ म्हणतं की केंद्राच्या कायद्यांत पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या, विषय किंवा संदर्भ त्याच्या आड येत नसेल तर. राज्याच्या कायद्यांसाठी १९०४ च्या मुंबईच्या कायद्यात हीच तरतूद आहे. राज्यघटनेचा अर्थ लावतानाही हाच १८९७ चा कायदा लागू होतो, असं अनुच्छेद ३६७ सांगतं. राष्ट्रपतिपदाची पात्रता सांगणाऱ्या अनुच्छेद ५८ च्या इंग्रजी पाठातही सर्वनाम पुल्लिंगीच आहे. तरी १९९१ साली आपल्या अमरावतीतून लोकसभेवर गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. तिथे ‘तो’ आडवा आला नाही, मग सातबाऱ्यावर कसा येईल?

आता लेकीच्या वाट्याचं, कारण खरं नुकसान इथेच होतंय. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ मध्ये सर्वनामावरून वाद घालायला जागाच नाही. तिथे ‘मुलगी’ हाच शब्द लिहिलाय. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मुलगी जन्मानेच, मुलासारखीच, वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार होते. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. त्या तारखेला वडील हयात हवे होते का, यावरून बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तोही मिटवला: हयात असण्याची अट नाही. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असली आणि मृत्युपत्र नसलं, तर कलम ८ प्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हिश्श्याचे. हा कायदा बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही लागू आहे.

काही ठिकाणी लेकीला खरंच वाटा मिळत नाही, हे मान्य करतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. स्वकष्टाची जमीन वडिलांनी मृत्युपत्राने एकाच मुलाला दिली असेल तर तीही गेली. आणि आपल्याकडच्या गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, तिथे प्रथा पाहिली जाते. तिथेही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, बाईला वगळणारी प्रथा सिद्ध झाली नाही म्हणून तिच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला. या कशाचाही ‘तो’ शब्दाशी संबंध नाही.

अजून एक गोष्ट मान्य करतो. ‘तो’चा आधार घेऊन बायांना पूर्वी खरंच अडवलं गेलंय. १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला तेव्हा हे कलम १३ पुस्तकात होतं, तरी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना नाकारलं. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचं तेच झालं. शेवटी १९२३ मध्ये वेगळा कायदा करून बायांना वकिलीची दारं उघडावी लागली. त्यामुळे कायदे लिहितानाच स्त्री-पुरुष दोघं दिसावेत, ही मागणी रास्त आहे आणि माझीही आहे. पण त्या जुन्या अन्यायाचा दाखला देऊन आज लेकीकडून सही मागणं हा नवा अन्याय आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ज्या ग्रामपंचायत कायद्याखाली सरपंच निवडला जातो, त्याच कायद्यात २०११ पासून निम्म्या जागा बायांना राखीव आहेत. जागा देऊन सही नाकारणारा कायदा कसा असेल?

बचत गटाचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेतलं, म्हणजे नव्या फौजदारी कायद्यातलं, विश्वासघाताचं कलम ३१६ आणि फसवणुकीचं ३१८ ‘जो कोणी’ गुन्हा करेल त्याला लागतात, मग तो पुरुष असो की बाई. जिथे कायद्याला फक्त पुरुषच म्हणायचा असतो तिथे तो तसं स्पष्ट लिहितो. बलात्काराच्या कलमात ‘पुरुष’ असाच शब्द आहे.

नव्या फौजदारी कायद्यातून बाया वगळल्याचं तर धडधडीत खोटं आहे. ही न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. तिचं कलम २(१०) सांगतं की ‘तो’ हे सर्वनाम पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी, कोणाहीसाठी वापरलं आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८ मध्ये पुरुष आणि स्त्री होतेच, आता तिसरा शब्द वाढला. कोणाचं काही कमी झालेलं नाही.

ज्यांच्यापुढे आज कागद ठेवलाय त्यांच्यासाठी: सातबाऱ्यावर भावांचीच नावं चढली म्हणून तुमचा हक्क मरत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालय करतं. पण हक्कसोडपत्राची नोंदणी एकदा झाली की ते मोडून काढणं फार अवघड जातं. वाटा सोडायचाच असेल तर आपल्या राजीखुशीने सोडा, कायद्यात नाव नाही अशा समजुतीने नको. वारस नोंदीतून वगळलं तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. मावशी सोमवारी तिथेच जाणार आहे.