करारांच्या तारखा कोण सांभाळणार?

ॲडमिन मॅनेजरच्या, म्हणजे ऑफिसची व्यवस्था पाहणाऱ्याच्या, कामावरचा एक लेख वाचला. संवादकौशल्य आणि संगणक आला की हे काम जमतं, हे त्यातलं विधान मला पटलं नाही. या कामाचा मोठा भार करारांवर असतो. लिफ्ट, एसी, जनरेटर, प्रत्येकाच्या देखभाल कराराची मुदत वेगळी. काही करार मुदतीआधी लेखी कळवलं नाही तर आपोआप पुढे चालू होतात आणि नको असलेल्या सेवेचे पैसे भरत बसावं लागतं. आमच्या ऑफिसात हे घडलंय.

शिवाय बिलं. पर्चेस ऑर्डर (आपण दिलेली लेखी मागणी), माल मिळाल्याची नोंद आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं. पुरवठादार ओळखीचा असेल तर जास्तच. लेखात याबद्दल एक ओळही नाही.