एका दिवसात जिंकलेल्या इंग्लंडला पाच वर्षं का लागली?

‘१४ ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जला राजा हॅरल्ड पडला आणि एका दिवसात इंग्लंड नॉर्मनांच्या खिशात गेलं. सॅक्सनांनी मुकाट मान तुकवली, अपवाद फक्त हेरवर्डचा.’ हा मजकूर मला आतापर्यंत तिघांनी पाठवलाय. (नॉर्मन म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून ड्यूक विल्यमसोबत चालून आलेले, सॅक्सन म्हणजे तिथले इंग्रज, आणि हेरवर्ड त्यांच्यातला एक बंडखोर.)

आधी तो ‘एक दिवस’ बघू. हॅरल्ड पडल्यावर लंडनमधल्या बड्या मंडळींनी विल्यमला बोलावलं नाही. जुन्या राजघराण्यातल्या एडगर नावाच्या पोरसवद्याला त्यांनी राजा निवडलं. गावं उजाड करत विल्यमने शहराला वळसा घातला, तेव्हा कुठे ते शरण आले. नाताळला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक झाला, त्याची तर गंमतच. आत जयघोष झाला, बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना वाटलं दंगा उसळला, आणि त्यांनी आसपासची घरं पेटवली! जिंकलेल्या देशात कोणी एवढं धास्तावतं का?

आता ‘मुकाट मान’. १०६७ मध्ये एड्रिक नावाच्या इंग्रज सरदाराने वेल्श राजांना हाताशी धरून हेरफर्डचा मुलूख लुटला. पुढच्या वर्षी एक्सेटरने वेशी लावून घेतल्या. हॅरल्डची आई गीथा तिथेच होती. विल्यमने वेशीसमोर एका ओलिसाचे डोळे काढले, तरी शहर १८ दिवस झुंजलं. तटावरच्या एकाने तर विल्यमच्या सैन्याकडे ढुंगण करून पादून दाखवलं, असं पुढच्या शतकातला एक इतिहासकार लिहितो. खरंखोटं देव जाणे. मात्र त्या सैन्यात इंग्रज शिपाईही होते, हे कबूल करायला हवं. मान तुकवणारे होतेच.

खरा भडका उडाला उत्तरेत. जानेवारी १०६९ मध्ये डरहॅमला नवा नॉर्मन अर्ल (प्रांत सांभाळणारा बडा सरदार) त्याच्या माणसांसकट मारला गेला. सप्टेंबरात डॅनिश आरमार आलं आणि इंग्रज बंडखोरांनी त्यांच्या जोडीने यॉर्कचे किल्ले घेतले. विल्यमने डॅनिशांना पैसे चारून बाजूला काढलं आणि त्या हिवाळ्यात उत्तरेतली धान्याची कोठारं, जनावरं, गावं जाळत सुटला. सतरा वर्षांनी, १०८६ च्या डूम्सडे नावाच्या जमीनपाहणीच्या नोंदवहीत यॉर्कशायरच्या कितीतरी गावांपुढे ‘उजाड’ एवढंच लिहिलंय. मुकाट बसलेल्यांवर असा वरवंटा कोण फिरवतं? बंडं फसली ती एकजूट नसल्याने. एक विझलं की दुसरं पेटायचं, विल्यमला एकेकाला गाठता आलं.

राहिला हेरवर्ड. तो समोर येतो १०७० मध्ये, म्हणजे एवढं सगळं होऊन गेल्यावर. पूर्व इंग्लंडमधल्या ईलीच्या दलदलीत त्याने ठाण मांडलं, पण तिथेही तो एकटा नव्हता, मॉर्कारसारखा अर्ल तिथे येऊन मिळाला होता. त्यातून हेरवर्ड म्हणजे कोणी साधुसंत नव्हे. नॉर्मन मठाधिपती येतोय म्हटल्यावर त्याने आणि डॅनिशांनी पीटरबरोचा मठ लुटला, क्रुसावरच्या येशूच्या डोक्यावरचा सोन्याचा मुकुटसुद्धा सोडला नाही. वर म्हणे, हे मठाच्या निष्ठेपोटीच! १०७१ मध्ये ईली पडलं.

शेवटी नॉर्मन राजवटीतला एक कायदा सांगतो. नॉर्मन माणूस मारलेला सापडला आणि मारेकरी हाती लागला नाही, तर अख्ख्या परगण्याला दंड. बेवारस प्रेत नॉर्मनाचंच धरायचं. दंड चुकवायचा तर मेलेला इंग्रज होता हे गावकऱ्यांनी सिद्ध करायचं. ही सिद्ध करण्याची भानगड रद्द झाली १३४० मध्ये.